शेवटच्या आधाराच्या पुढे: भूमिगत कोळसा खाणीतलं छत आणि त्याखालची माणसं

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांच्या भाच्यानं मायनिंगचा डिप्लोमा केला, आणि आता तो चंद्रपूरकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत वर्षभराच्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगला चाललाय. छत कोसळून माणसं दगावल्याच्या बातम्या वाचून त्यांच्या बहिणीनं धसका घेतलाय. मुख्य प्रश्न चार आहेत: छत कोसळतं कसं, आधी कळतं का, हेल्मेटचा काही उपयोग होतो का, आणि छत वाईट वाटलं तर पोरानं आत जायला नकार द्यायचा का.

मी वर्धा खोऱ्यातल्या खाणींत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, होतो, नंतरची वर्षं सुरक्षा विभागात गेली. आता जुळे सोलापुरात असतो. तेव्हा हे पुस्तकातलं कमी आणि कामावरचं जास्त आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. छत नेमकं कधी पडेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण माणसं कुठे मरतात ती जागा बऱ्यापैकी ठरलेली आहे. कोळशाच्या तोंडावर, म्हणजे कोळसा तोडणं चालू असतं तिथे, सुरुंग उडाला की नवं छत उघडं पडतं. त्याला अजून बोल्ट (छतात भोक पाडून बसवलेली लोखंडी सळई) नाही, टेकू नाही. खाणीत आम्ही त्याला ग्रीन रूफ म्हणतो, म्हणजे कच्चं छत. बोल्टची शेवटची रांग आणि कोळशाचं तोंड यांच्यामधली ती दोन-चार पावलं, आणि तिथून मागे थोडं अंतर, एवढ्यात छत कोसळण्याचे बहुतेक जीवघेणे अपघात होतात. भाच्याला बाकी शंभर गोष्टी ट्रेनिंगमध्ये शिकवतील. तुम्ही त्याच्याकडून एवढंच कबूल करून घ्या: शेवटच्या आधाराच्या पुढे पाय टाकायचा नाही. बघायला नाही, कुणी हाक मारली म्हणून नाही, पडलेली सब्बल उचलायलासुद्धा नाही.

आता छत म्हणजे काय ते. आपण सोलापूरकर काळ्या पाषाणावर वाढलेले. हा लाव्हारसाचा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, घट्ट आणि चिवट. त्यामुळे 'दगडाचं छत' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर असला अखंड कातळ येतो. कोळशावरचं छत तसलं नसतं. गोंडवाना काळातला तो कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. नद्या आणि दलदलींत गाळावर गाळ बसत गेला, त्याचे ते थर. कुठे वाळूचा खडक, कुठे शेल (चिखलाचा पापुद्री दगड), मध्येच बोटभर चिकणमाती, मध्येच कोळशाची पातळ पट्टी. प्रत्येक थर दुसऱ्यावर नुसता टेकलेला असतो, आणि दोन थरांमधला जोड हीच त्याची कमजोरी.

खालचा कोळसा काढला की सगळ्यात खालच्या थराचा आधार जातो. तो किंचित वाकतो, वरच्यापासून सुटतो, मधे फट पडते. खालून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. मग तो थर स्वतःचंच वजन पेलत लोंबतो, काही मिनिटं, काही दिवस, कधी काही वर्षं. आपल्या कडक भाकऱ्यांची चळत डोळ्यांसमोर आणा. एकेक भाकरी बोटानं मोडते, पण तीच चळत दोऱ्यानं आवळून बांधली तर सगळ्या मिळून भार घेतात. रूफ बोल्टचं काम हेच, थर एकमेकांना आवळून धरणं. वरच्या बाजूला मजबूत वालुकाश्म मिळाला, तर बोल्ट खालचे कमजोर थर त्याला टांगून ठेवण्याचंही काम करतो.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण पाहुणे आणि पत्रकार हमखास हाच प्रश्न विचारतात: दोनशे मीटर जाडीचा डोंगर दीड मीटरचे बोल्ट कसे धरतात? धरतच नाहीत. डोंगर धरतात ते पिलर. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत खाणींत बोर्ड अँड पिलर पद्धत आहे, म्हणजे कोळशात उभ्याआडव्या गल्ल्या काढायच्या आणि मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. गल्ली नियमाप्रमाणे जास्तीत जास्त 4.8 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच. खोली वाढेल तसा खांब जाड. 4.8 मीटरच्या गल्लीला 60 मीटर खोलीपर्यंत खांबांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर किमान 19.5 मीटर लागतं, आणि 240 ते 360 मीटर खोलीत 45 मीटर. खांबच कमी पडले तर काय होतं ते दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुकला 21 जानेवारी 1960 रोजी दिसलं. खांबांमागून खांब चिरडत गेले आणि चारशेहून जास्त माणसं आत राहिली. ती गोष्ट वेगळी आणि सुदैवानं विरळ. भाच्याला रोज ज्याच्याशी गाठ पडणार आहे ते म्हणजे गल्लीच्या डोक्यावरचे दोन-तीन मीटरचे सुटे थर. बोल्ट त्यांच्यासाठी असतो.

त्या थरांचं वजन सांगतो, म्हणजे हेल्मेटचा प्रश्न आपोआप मिटेल. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर जाड अशी खडकाची लादी सव्वादोनशे ते अडीचशे किलो भरते. ही अगदी लहान लादी झाली. एरवी पडतात त्या दोन-चार मीटर लांबीच्या असतात, टनांच्या हिशेबातल्या. हेल्मेट छोटे खडे, खपल्या आणि डोकं आपटणं यासाठी आहे. ते घालायचंच, त्यात चर्चा नको. पण हेल्मेट घातलंय म्हणून कच्च्या छताखाली जाणारा माणूस स्वतःला फसवतो.

कळतं का, या प्रश्नाला मी जास्त वेळ देतो, कारण खाणीत सगळ्यात जास्त फुशारकी याच विषयावर चालते.

जुनी पद्धत म्हणजे ठोकून बघणं. सब्बल किंवा काठीचं लोखंडी टोक छताला मारायचं. घट्ट छत टणटणीत वाजतं, सुटलेलं छत भद्द वाजतं. ज्याला नीट शिकवलंय तो एका हातानं ठोकतो आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठेवतो. सुटलेली खपली बोटांना थरथरते. आवाज फसवू शकतो, विशेषतः पंखा किंवा यंत्र चालू असेल तेव्हा. बोटांना सहसा खोटं कळत नाही. ही चाचणी आजही रोज करायची असते आणि तिच्यामुळे असंख्य जीव वाचलेत. पण तिची मर्यादा बऱ्याच अनुभवी लोकांनाही मान्य करायला जड जाते: ती फक्त पातळ खपल्या सांगते. सुटलेली लादी जाड असेल, अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त, तर ती अगदी घट्ट छतासारखी टणटणीत वाजते. म्हणून 'मी ठोकून बघितलं, काही नाही' या वाक्यावर मी कधी विसंबलो नाही. ठोकून भद्द वाजलं तर छत वाईट, हे नक्की. टण्ण वाजलं तर छत चांगलं, हे नक्की नाही.

दुसरी खूण आधारांची. साल लाकडाचा टेकू मोडण्याआधी करकरतो, त्याच्या डोक्यावरची फळी चेपते, पाचर बाहेर सरकते. लोखंडी टेकूला ताकद जास्त, पण तो गप्प असतो, वाकतो किंवा निसटतो. म्हणून जुने टिंबरमन लाकडाला जपायचे. आता लाकूड बरंचसं गेलंय, आणि जायलाच हवं होतं, कारण टेकू लावायला माणसाला आधी छताखाली उभं राहावं लागतं. पण त्याबरोबर तो करकर आवाजही गेला, आणि त्या जागी मोजमाप यायला हवं होतं तितक्या वेगानं ते सगळीकडे आलं नाही, असं माझं मत आहे.

मोजमाप म्हणजे टेलटेल. छतात भोक पाडून दोन वेगळ्या उंचीवर पकडी बसवतात, त्यांना जोडलेल्या रंगीत पट्ट्यांच्या नळ्या खाली लोंबत राहतात. हिरवा दिसतोय तोवर ठीक, पिवळा दिसला तर जादा आधार लावा, लाल दिसला तर माणसं मागे घ्या. एक नळी सांगते बोल्टच्या उंचीच्या आत थर किती सुटले, दुसरी सांगते बोल्टच्याही वर काही सरकलंय का. दुसरीकडे जास्त लक्ष द्यायचं. बोल्टच्या वर थर सुटला तर बोल्टसकट सगळं एकत्र खाली येतं, आणि असं पडलेलं छत बघितलं की बोल्ट त्यात सरळ उभे रोवलेले दिसतात. लोक म्हणतात बोल्ट फेल गेले. बोल्ट फेल नसतात, आखूड असतात.

बाकीच्या खुणा भाचा शिकेलच: काल कोरड्या असलेल्या जागी आज पाणी टपकणं, खांबाच्या कडा फुटून कोळसा उडणं, जमीन फुगणं, छतातून खड्यांची भुरभुर. उंदीर पळाले की छत पडतं, हेही त्याला सांगणारे भेटतील. उंदीर पळताना दिसले तर त्यानं जरूर पळावं. उंदीर दिसत नाहीत म्हणून थांबू मात्र नये.

आणि काही गोष्टी कुठल्याच खुणेशिवाय होतात. छतात स्लिप असते, म्हणजे काचेसारखी गुळगुळीत तिरकी भेग. दोन स्लिपा उलट्या बाजूंनी आल्या की मधला पाचरीसारखा तुकडा धरून ठेवायला काहीच उरत नाही. तसंच जुन्या झाडांच्या बुंध्यांचं. कोळसा झाला त्या दलदलीतल्या झाडाचा बुंधा उभ्याचा उभा दगड होऊन छतात राहतो. खालून फक्त एक गोल रेघ दिसते, भोवती कोळशाची पातळ चकचकीत साल. हा गोळा एकदम, तोफेच्या गोळ्यापेक्षा जड, न कुरकुरता निसटतो. गोल रेघ दिसली की तिथे बोल्ट आणि पट्टी लावायची, दुसरा विचार नाही.

वर्धा खोऱ्यात पाण्याचा त्रास निराळा. वरचा कामठी वालुकाश्म पाणी धरून असतो. शेलला पाणी लागलं की तो पापुद्र्यासारखा सुटतो. पावसाळ्यात पंखा बाहेरची दमट हवा आत ओढतो, ती थंड खडकाला लागून घाम धरते, आणि उन्हाळाभर गप्प असलेलं छत श्रावणात खपल्या टाकायला लागतं. नव्या माणसाला याचा पत्ता नसतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

छताला गुण देण्याचीही पद्धत आहे. धनबादच्या खाण संशोधन संस्थेनं आणि इंडियन स्कूल ऑफ माइन्सनं मिळून ती बसवली, तिला आरएमआर म्हणतात. 100 पैकी गुण: थरांच्या जाडीला 30, भेगा-स्लिपांना 25, पाण्यानं विरघळण्याला 20, खडकाच्या ताकदीला 15, भूजलाला 10. बघा, ताकदीला फक्त 15. आपल्याला वाटतं दगड कठीण म्हणजे छत चांगलं, पण कठीण दगडाचे पातळ थर मऊ दगडाच्या जाड थरापेक्षा वाईट ठरू शकतात. या गुणांवरून प्रत्येक खाणीत, प्रत्येक डिस्ट्रिक्टसाठी (खाणीतल्या कामाच्या विभागासाठी), बोल्ट किती लांब, किती अंतरावर, हे लेखी ठरतं. पूर्वी याला सिस्टिमॅटिक सपोर्ट रूल्स म्हणायचे, 2017 च्या कोळसा खाण विनियमांपासून स्ट्रेटा कंट्रोल अँड मॉनिटरिंग प्लॅन. त्या प्लॅनचं चित्र कामाच्या जागेजवळ लावलेलं असायला हवं. भाच्यानं पहिल्या दिवशी ते शोधावं आणि छताकडे बघून बोल्टचं अंतर पावलांनी मोजावं. कागद आणि छत जुळत नसेल तर त्याला खाणीबद्दल पुष्कळ काही कळलं.

बोल्ट तरी नीट लागलाय का, हे खालून ओळखायला शिकता येतं. भोक पाडून त्यात सिमेंटच्या भिजवलेल्या कॅप्सूल किंवा रेझिनच्या कॅप्सूल सारतात आणि बोल्ट ठोकत किंवा फिरवत आत घालतात. सिमेंटवाल्या बोल्टनं अर्ध्या तासात 3 टन आणि 2 तासांत 5 टन ओढ सहन करायला हवी; त्यासाठी काही बोल्ट ओढून बघतात. बिघाड कुठे होतो? भोक आखूड पडतं आणि बोल्टचं शेपूट हातभर बाहेर राहतं. कॅप्सूल कमी भरतात. प्लेट छताला न टेकता लटकत राहते. ही तिन्ही पापं टॉर्चच्या उजेडात दिसतात. शेपूट लांब दिसलं किंवा प्लेट हलली तर तो बोल्ट मोजायचाच नाही.

सगळ्यात जास्त लक्ष जंक्शनवर, म्हणजे दोन गल्ल्या छेदतात तिथे. 4.8 मीटरच्या दोन गल्ल्या जिथे भेटतात, तिथे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पावणेसात मीटरचं छत बिनआधाराचं होतं. आणि खाणीत माणसं गोळा होतात ती तिथेच. डबा खायला, टब (कोळशाच्या छोट्या गाड्या) जोडायला, गप्पा मारायला. खांबाचे कोपरे झिजले की हे अंतर आणखी वाढतं, त्याची नोंद कुणी घेत नाही.

एवढं सगळं माहीत असताना माणसं कच्च्या छताखाली का जातात? माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर खडकात नाही, पाळीच्या वेळापत्रकात आहे. क्रम असा असतो: सुरुंग उडाला, धूर निवळला, सरदार (पाळीतल्या माणसांची आणि जागेची सुरक्षा बघणारा) आधी एकटा छत बघत येणार, सुट्या खपल्या सब्बलनं पाडणार, मग आधाराखाली उभं राहून पुढे तात्पुरते टेकू लागणार, मग बोल्ट, आणि मग कोळसा भरणं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात पाळीचा पहिला तास खाली उतरून चालत पोचण्यात जातो. ड्रिल मशीन दुसऱ्या तोंडावर अडकलेलं, कॅप्सूल स्टोअरमधून आलेल्या नाहीत, एसडीएल (कोळसा भरणारं बादलीचं यंत्र) रिकामं उभं, आणि फोनवर वरून विचारणा: किती टब झाले? त्या क्षणी सगळ्यांच्या मनात एकच हिशेब येतो, दोन बादल्या काढून घेऊ, मग बोल्ट मारू. भरलेल्या कोळशावर पैसे मिळणाऱ्या लोडरच्या मनात तर येतोच. एसडीएलची बादली कच्च्या छताखाली गेली तर लोखंडाचं नुकसान होईल, पण चालकाला आधाराखालीच थांबायचंय; बादली अजून थोडी पुढे न्यायची म्हणून तो दोन पावलं सरकतो. अपघातानंतरच्या चौकशीत या दोन पावलांना 'कामगाराचा निष्काळजीपणा' म्हणतात. कॅप्सूल का आल्या नव्हत्या, हे त्याच चौकशीत शोधलं तर मला ती चौकशी खरी वाटते.

म्हणून यांत्रिकीकरण झालं ते या दृष्टीनं चांगलंच. कंटिन्युअस मायनर (सुरुंगाशिवाय कोळसा कापणारं यंत्र) रिमोटनं चालतो, चालक बोल्टखाली उभा राहतो, सुरुंग नसल्यानं छतही कमी हादरतं. पण यंत्र कोळसा इतक्या वेगानं काढतं की बोल्टिंगला त्याच्या मागे धावावं लागतं.

शिकाऊ मुलाचा धोका वेगळा. त्याला ठरलेलं काम नसतं, त्यामुळे तो 'बघायला' जातो. स्लिप जवळून दाखव म्हणतो, फोटो पाहिजे असतो (खाली मोबाईल न्यायचाच नसतो, ते निराळं). आणि कौतुकानं दाखवणारे ओव्हरमनही असतात. दुसऱ्या टोकाला तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, ज्याचं छतानं आजवर काही वाकडं केलेलं नाही. हुद्दा आणि अनुभव छताला कळत नाही. तेलंगणातल्या अड्रियाला लाँगवॉल खाणीत मार्च 2022 मध्ये छत कोसळून 3 जण गेले, त्यांत अधिकारी होते. मार्च 2025 मध्ये बैतूल जिल्ह्यातल्या छतरपूर-1 खाणीत 3 जण गेले, तेही पाळीची देखरेख करणारे. पूर्व भागातल्या काही घरांचे पाहुणे गोदावरीखनी, मंदमर्रीकडे सिंगरेणीच्या खाणींत आहेत; त्यांना विचारा, तेही हेच सांगतील की पुढे होऊन बघणारा माणूस बहुतेकदा जाणकारच असतो.

डिपिलरिंग, म्हणजे खांब काढणं, सुरू असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये भाच्याला लवकर पाठवू नका असं मी त्याच्या ट्रेनिंग ऑफिसरला सांगितलं असतं. गल्ल्या काढून झाल्यावर शेवटी खांबच काढत मागे यायचं असतं, आणि मागचं छत मुद्दाम पडू द्यायचं असतं. त्या पडलेल्या भागाला गोफ म्हणतात. इथे छत पडणं हा अपघात नसतो. न पडणं हा धोका. वालुकाश्म मजबूत असेल तर मोठं क्षेत्र लोंबत राहतं आणि मग एकदम बसतं. आतली हवा इतक्या जोरानं बाहेर फेकली जाते की माणसं आणि टब उडतात. म्हणून गोफच्या कडेला चौकटी रचून आणि बोल्टची दाट रांग मारून छत तिथल्या तिथे तोडायचं असतं, आणि लोंबलेलं छत कधीकधी सुरुंगानं पाडायचं. मागे यायचा रस्ता मोकळा ठेवणं हे इथलं पहिलं काम. त्यात ठेवलेली एखादी रिकामी ट्रॉलीसुद्धा मला खपत नसे.

एक गोष्ट बातम्यांत कधी येत नाही. पहिल्या पडझडीनंतर दुसरी पडते. कुणी गाडला गेला की सोबतचे धावतात, कारण तो त्यांचा माणूस असतो. अमेरिकेत युटा राज्यात क्रँडल कॅनियन खाणीत 6 ऑगस्ट 2007 ला 6 जण अडकले. दहा दिवसांनी त्यांना काढायला गेलेल्यांपैकी 3 जण गेले. आधी आधार, मग माणूस, हे सांगायला क्रूर वाटतं. पण आधाराशिवाय धावणारा दुसरा मृतदेह ठरतो, आणि पहिल्याला काढायला आणखी उशीर होतो. टेकू लावत लावत पुढे जायचं, एकानं फक्त छताकडे बघत उभं राहायचं, बाकीच्यांनी मागे सरायचं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न कोळशाशिवायही आहे, म्हणून थोडं विषयांतर. आपल्याकडे विहिरी खणताना माणसं गाडली जातात. वरचा मातीचा आणि मुरमाचा भाग उभा कापायचा, खाली पाषाणात सुरुंग उडवायचे, आणि त्या हादऱ्यानं सैल झालेल्या मुरमाखाली माणसं उतरवायची. इथे सरदार नाही, प्लॅन नाही, ठोकून बघणारा नाही. सुरुंगानंतर कडेचा सुटलेला मुरूम वरून पाडल्याशिवाय कुणी खाली उतरू नये, आणि काढलेला मलबा कडेला रचू नये, एवढंही पाळलं जात नाही. भूमिगत खाणीत कितीही त्रुटी असोत, तिथे निदान ही कामं कुणाची हे कागदावर आहे.

आता नकाराचं. पोरगा तोंड उघडेल का, ही तुमच्या बहिणीची खरी भीती दिसते. कायद्यानं पाळी सुरू होण्याआधीच्या 2 तासांत सरदारानं जागा तपासायची असते, आणि छत धोकादायक दिसलं तर माणसं मागे घेणं हे त्याचं कर्तव्य आहे, मर्जी नव्हे. कामगारालाही धोका दिसला की सांगण्याचं बंधन आहे. 500 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खाणीत कामगारांतून निवडलेला वर्कमन्स इन्स्पेक्टर असतो, आणि 100 पेक्षा जास्त असतील तर सेफ्टी कमिटी. त्यांची नावं फलकावर असतात. त्याच्याही वर खाण सुरक्षा महासंचालनालय, मुख्यालय धनबादला, आपल्यासाठीचं कार्यालय नागपूरला; त्यांना काम थांबवण्याचा आदेश देता येतो. कागदावर हे सगळं आहे. खाली मात्र वीस-बावीस वर्षांच्या पोरानं सगळ्यांसमोर 'मी येत नाही' म्हटलं तर चेष्टा होते, हेही खरं. म्हणून मी शिकाऊ मुलांना निराळं सांगायचो. नकार द्यायच्या आधी प्रश्न विचार: "साहेब, शेवटची रांग कुठली?" जो सरदार आहे तो दिवा वर करून दाखवतो, आणि दाखवताना त्यालाही दिसतं की रांग मागे राहिलीय. यात कुणाचा अपमान होत नाही. तरीही पुढे ढकललं तर तिथेच थांबायचं, वर आल्यावर ट्रेनिंग ऑफिसरला तोंडी आणि लेखी सांगायचं. ट्रेनिंगचं वर्ष वाया जाईल ही भीती घरच्यांनी त्याच्या डोक्यात घालू नये. तुमच्याकडून एवढं झालं तरी बरंच झालं.

सगळा धोका सोडून उघड्या खाणीतच का जाऊ नये, असंही तुमच्या पत्रात आहे. देशातला 95 टक्क्यांहून जास्त कोळसा आज उघड्या खाणींतूनच निघतो. आपल्या फताटेवाडीजवळच्या 1320 मेगावॉटच्या औष्णिक केंद्रासारखी केंद्रं मुख्यतः अशाच कोळशावर चालतात. पण 2030 पर्यंत भूमिगत उत्पादन वर्षाला 10 कोटी टनांवर न्यायचं सरकारचं लक्ष्य आहे, आणि ओव्हरमनच्या परीक्षेसाठी भूमिगत अनुभवाला किंमत आहे. उघड्या खाणीत छत नाही, पण डंपर आहेत आणि कोसळणारे बेंच (खाणीच्या कडेच्या पायऱ्या) आहेत. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या.

निघण्याआधी आणि पोचल्यावर एवढं बघा. व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरचं मूलभूत प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय त्याला कामाच्या तोंडावर नेता येत नाही. भूमिगत कामासाठी ते 24 कामाच्या दिवसांचं असतं. 'दोन दिवसांत सही करून देतो' म्हणणारा भेटला तर तिथेच थांबा. वैद्यकीय तपासणी झाल्याचा कागद हवा. खाली उतरताना त्याचं नाव हजेरीत आणि कॅप लॅम्पचा नंबर त्याच्याच नावावर चढायला हवा, कारण काही घडलं तर आत कोण आहे हे त्या नोंदीवरूनच कळतं. नेमलेल्या डिस्ट्रिक्टमधून दुसरीकडे जाताना सरदाराला सांगून जायचं, हेही त्यातच आलं. सेल्फ रेस्क्यूअर (विषारी वायूत श्वास घ्यायचं उपकरण) कमरेला असायलाच हवा, आणि तो कसा उघडायचा हे त्यानं वरती करून बघितलेलं असावं.